चारचं शटर : पुण्याचे दुकानदार आणि २०२१ चे निर्बंध

मामांचं साड्यांचं दुकान लक्ष्मी रस्त्याला लागून असलेल्या एका बोळात आहे. दर्शनी काचेवर जुनी पाटी : सकाळी १० ते १, सायंकाळी ४ ते ८.३०. २०२१ च्या जूनमध्ये मामांनी त्या पाटीवर कोरा कागद चिकटवून स्केचपेननं नवी वेळ लिहिली. आठवड्यात त्यावर दुसरा कागद आला, मग तिसरा, मग चौथा. ७ ते २. ७ ते ४. ७ ते ७. पुन्हा ७ ते ४. ऑगस्टपर्यंत त्या काचेवर कागदांची गादीच तयार झाली होती.

मी मामांचे आणि त्याच बोळातल्या आणखी चार दुकानांचे हिशेब लिहितो. त्यामुळे त्या वर्षाचा राग मला आधी वह्यांत दिसला, मग रस्त्यावर. हे प्रकरण लिहावंसं वाटलं ते त्यातल्या एका विसंगतीमुळे. करोनाच्या निर्बंधांमुळे ६ एप्रिल ते ३१ मे २०२१ असे सलग ५६ दिवस पुण्यातली ‘बिगर-जीवनावश्यक’ दुकानं पूर्ण बंद होती. लोक चिडले, ओरडले, पण शटर खालीच राहिलं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दुकानं सकाळी ७ ते दुपारी ४ चालू होती, लस मिळू लागली होती, रुग्णालयांत खाटा रिकाम्या होत्या, आणि तेव्हाच व्यापाऱ्यांनी राज्य सरकारचा आदेश उघडपणे, आधी जाहीर करून मोडला. जितकी सक्ती तितका राग असं गणित असतं, तर हे नेमकं उलट व्हायला हवं होतं.

दोन पाडवे

कापड, सोनं, भांडी, फर्निचर या धंद्यांचं वर्ष गुढीपाडव्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत आणि दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत अशा दोन खिडक्यांत चालतं. बाकीचे महिने भाडं आणि पगार निघाले की पुष्कळ. २०२० चा पाडवा २५ मार्चला होता. देशव्यापी टाळेबंदीचा तोच पहिला दिवस. लग्नसराईसाठी सुरतेहून उचललेला माल गाठोड्यांतच राहिला. त्या वर्षी कुणी फारसं बोललं नाही. रोग नवा होता, पंतप्रधानांपासून नगरसेवकापर्यंत सगळेच चाचपडत होते. ३१ मेला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे ‘पुनश्च हरिओम’ म्हणाले आणि जूनपासून दुकानं टप्प्याटप्प्यानं उघडली, रस्त्याची एक बाजू आज, दुसरी उद्या.

पुण्याच्या वाट्याला मात्र १३ ते २३ जुलै २०२० अशी आणखी दहा दिवसांची टाळेबंदी आली. त्यातल्या पहिल्या पाच दिवसांत किराणासुद्धा बंद. व्यापारी संघटनांनी तेव्हाच विरोध केला होता. आता मागे वळून पाहिलं, तर ‘राज्य उघडतंय आणि आपल्यालाच बंद का’ हा सूर पुण्यात पहिल्यांदा तेव्हा लागला असं वाटतं.

२०२१ चा पाडवा १३ एप्रिलला. त्याच रात्री साडेआठला मुख्यमंत्री दूरचित्रवाणीवर आले आणि १४ एप्रिलच्या रात्री आठपासून राज्यभर संचारबंदी जाहीर झाली. दुकानं त्याआधी आठवडाभर बंदच होती. दुसरा पाडवा गेला. १४ मेची अक्षय्य तृतीयाही गेली. मामांच्या वहीत त्या पानांवर मी तारखा घालून ठेवल्या होत्या. खाली काही नाही.

‘वीकेंड’ नावाचा शब्द

एप्रिल २०२१ चा पहिला आठवडा जरा सावकाश पाहायला हवा. विश्वास तिथे तुटला.

२ एप्रिलला, शुक्रवारी, पुण्यापुरते निर्बंध जाहीर झाले : संध्याकाळी ६ ते सकाळी ६ संचारबंदी, हॉटेलं, मॉल, मंदिरं आणि पीएमपीची बससेवा सात दिवस बंद. ३ तारखेपासून अंमल. बसनं येणारे सेल्समन कसे येणार याचा विचार आदेशात नव्हता. आमच्या बोळातला एकजण कात्रजहून सायकलनं आला. पण दुकान सहापर्यंत उघडं ठेवता येत होतं, तेवढ्यात समाधान मानलं.

४ एप्रिलला, रविवारी, राज्य मंत्रिमंडळाची बैठक झाली. संध्याकाळी टीव्हीच्या पट्टीवर एकच शब्द फिरत होता : वीकेंड लॉकडाऊन. शुक्रवारी रात्री ८ ते सोमवारी सकाळी ७. लोकांनी तोच लक्षात ठेवला. मामांनी सेल्समनना फोन करून सांगितलं की शनिवार-रविवार सुट्टी, बाकी दिवस या. सोमवारी ‘ब्रेक द चेन’ असं शीर्षक असलेला लेखी आदेश हातात आला. त्यात जीवनावश्यक वस्तूंची सोडून बाकी सर्व दुकानं ३० एप्रिलपर्यंत आठवड्याचे सातही दिवस बंद. मंगळवारी सकाळी सेल्समन आले आणि बंद शटरसमोर उभे राहिले. कुणी खोटं बोललं होतं असं म्हणता येणार नाही, बातमीच्या खालच्या ओळींत बाकीच्या दुकानांचं आलंही असेल. पण दुकानदारानं ऐकलेलं एक आणि हातात आलेला कागद दुसरा. ‘फसवलं’ हा शब्द मी त्या दिवशी किमान दहा तोंडांतून ऐकला.

पुढच्या दिवसांत लक्ष्मी रस्त्यावर व्यापाऱ्यांनी मानवी साखळी केली. मागणी साधी होती : शनिवार-रविवार बंद मान्य, पण बाकीचे पाच दिवस उघडू द्या. राज्यात इतरत्रही हेच. विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी फेरविचाराची मागणी केली, मुख्यमंत्र्यांनी व्यापारी प्रतिनिधींशी बोलणी केली. त्यातून काही निघायच्या आत १३ तारीख आली.

व्यापाऱ्यांच्या डोळ्यांसमोर औरंगाबादचं (आता छत्रपती संभाजीनगर) उदाहरणही होतं. तिथे मार्चअखेर टाळेबंदी ठरली होती, विरोध झाला आणि सुरू व्हायच्या आधीच ती स्थगित झाली. जनतेचं ऐकलं, असं सरकारला वाटलं असेल. लक्ष्मी रस्त्यानं त्याचा अर्थ वेगळा काढला : आवाज केला की आदेश फिरतो. पुढे ऑगस्टमध्ये जे झालं त्याचं बी इथलं आहे.

तरी शटर खालीच का राहिलं

कारण एप्रिलच्या मध्यापासून कुणाला कुणी समजावून सांगायची गरज उरली नाही. १८ एप्रिलला राज्यात एका दिवसात ६८ हजार ६३१ नवे रुग्ण नोंदले गेले. उपचाराधीन रुग्ण सात लाखांच्या घरात. एकट्या पुणे जिल्ह्यात ते लाखावर गेले होते. २१ तारखेला नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून २२ रुग्ण गेले. दोन दिवसांनी विरारच्या रुग्णालयात आग. रेमडेसिविरसाठी रांगा, खाटेसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर याचना. बोळातल्या पाच दुकानांपैकी तीन घरांत रुग्ण होते. समोरचे भांडीवाले काका गेले. त्यांच्या दहाव्याला आम्ही चौघेच होतो.

त्या काळात मामा आदेशाला शिव्या देत, आणि कुणी शटर अर्धं वर केलेलं दिसलं की त्यालाही शिव्या देत. नियम जाचक होता, पण त्याचं कारण रोज रुग्णवाहिकेचा आवाज करत दारावरून जात होतं. नियम आणि डोळ्यांना दिसणारं जग यांचा मेळ बसत होता.

मूर्खपणा त्यातही होताच. घरी विलगीकरणात असलेल्याला डॉक्टर सांगत, ताट-वाटी वेगळी ठेवा, बादली वेगळी, चादर वेगळी. आणि भांड्याचं दुकान बंद, चादरीचं बंद, प्लॅस्टिकचं बंद. मे महिन्यात पंख्याचा कंडेन्सर गेला तर विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत चिटपाखरू नाही. आमच्या ओळखीच्या एका घरात आजारी मुलाच्या खोलीतला पंखा चार दिवस बंद होता. शेवटी मिस्त्रीनं दुसऱ्या कुणाच्या तरी पंख्याचा कंडेन्सर काढून आणला. ‘जीवनावश्यक’ची यादी ज्यांनी केली त्यांनी ती बहुधा निरोगी घर डोळ्यांसमोर ठेवून केली.

भरायचं कुणी

१३ एप्रिलच्या भाषणात मुख्यमंत्र्यांनी ५ हजार ४७६ कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. शिधापत्रिकेवर महिनाभर तीन किलो गहू, दोन किलो तांदूळ मोफत. शिवभोजन थाळी मोफत. नोंदणीकृत बांधकाम कामगार, फेरीवाले आणि परवानाधारक रिक्षाचालक यांना प्रत्येकी दीड हजार, आदिवासी कुटुंबांना दोन हजार. यादी वाईट नव्हती. इतर राज्यांच्या तुलनेत तर बरीच म्हणायला हवी. पण त्या यादीत दुकानदार नव्हता आणि दुकानात मोजपट्टी धरून उभा राहणारा सेल्समनही नव्हता.

इथे माझी वही उघडतो. बंद दुकानाचा खर्च कोणता? भाडं. मामांची जागा जुन्या भाड्याची असल्यानं ते वाचले. शेजारच्या तयार कपड्यांच्या दुकानाची जागा लीव्ह-लायसन्सवर आहे, मालकानं एक महिना अर्धं सोडलं, दुसऱ्या महिन्यात नाही. विजेचा स्थिर आकार. मिळकतकर. कॅश क्रेडिटवरचं व्याज, बँकेला शटर वर आहे की खाली याच्याशी देणंघेणं नसतं. सुरतेच्या पार्टीला दिलेले पुढच्या तारखांचे धनादेश. आणि पगार. मामांकडे तिघे होते. एप्रिलचा पूर्ण पगार दिला, मेचा अर्धा. जूनमध्ये तिघांतला एक गावी निघून गेला आणि परत आलाच नाही. आता तो रत्नागिरीत स्वतःची रिक्षा चालवतो.

निर्बंधांचा फायदा सगळ्यांना होता, हे मला मान्य आहे. साखळी तुटली तर ती भांडीवाल्याच्या आणि सॉफ्टवेअरवाल्याच्या घरी सारखीच तुटते. पण तिची किंमत भरणारे मोजके होते. ज्यांचा पगार दर महिन्याला खात्यात पडतो ते ‘आणखी पंधरा दिवस बंद ठेवा’ असं सहज म्हणू शकत होते आणि म्हणतही होते. आमच्या सोसायटीच्या गटावर असे संदेश आले की मामा तो गट वाचायचेच नाहीत. पुढे ३० मेच्या आदेशात ऑनलाइन कंपन्यांना जीवनावश्यक वस्तूंबरोबर बाकीचा मालही पोचवायची परवानगी मिळाली. आमच्याच बोळातल्या बिऱ्हाडांना दुपारनंतर बंद होणाऱ्या आमच्या दुकानांवरून डिलिव्हरीवाले कुर्त्यांची खोकी नेऊन देऊ लागले. रोगापेक्षा त्या खोक्यांनी माणसं जास्त पेटवली, असं मी अजूनही म्हणतो.

जूनच्या पायऱ्या

१ जूनला पुण्यात सगळी दुकानं सकाळी ७ ते दुपारी २ उघडली. ३ जूनला मदत व पुनर्वसन मंत्री विजय वडेट्टीवार यांनी पत्रकारांना सांगितलं की १८ जिल्ह्यांतले निर्बंध उद्यापासून उठणार. काही तासांत सरकारनंच खुलासा केला की असा निर्णय झालेला नाही, प्रस्ताव विचाराधीन आहे. बोळात हसावं की रडावं कळेना.

४ जूनच्या रात्री जो आदेश निघाला तो मात्र, खरं सांगायचं तर, त्या दीड वर्षातला सगळ्यात शहाणा कागद होता. राज्याचे पाच स्तर. कसोट्या दोन : शंभर चाचण्यांमागे किती बाधित (पॉझिटिव्हिटी), आणि ऑक्सिजनच्या किती खाटा भरलेल्या. बाधितांचं प्रमाण पाच टक्क्यांखाली आणि खाटा २५ टक्क्यांखाली असतील तर पहिला स्तर, जवळजवळ सगळं खुलं. पाच ते दहा टक्के किंवा ४० टक्क्यांहून जास्त खाटा भरलेल्या असतील तर तिसरा, दुकानं चारपर्यंत. वीस टक्क्यांवर पाचवा. दर आठवड्याला आकडे पाहून स्तर ठरणार. आणि महत्त्वाचं म्हणजे दहा लाखांहून जास्त लोकसंख्येच्या महानगरपालिका स्वतंत्र घटक धरल्या जाणार. म्हणजे पुणे शहर वेगळं, पिंपरी-चिंचवड वेगळं, उरलेला जिल्हा वेगळा.

या कागदानं दुकानदाराला पहिल्यांदाच एक मापक हातात दिला. मामांना पॉझिटिव्हिटी हा शब्द नीट उच्चारता येत नव्हता, ते ‘पॉझिटी’ म्हणत, पण रोज सकाळी पेपरात तो आकडा पाहूनच चहा घेत. बोळात पैजा लागत : या आठवड्यात पाचखाली जाणार की नाही. शुक्रवार आला की पालकमंत्री अजित पवार आढावा बैठक घेत आणि सगळ्यांचं लक्ष ‘दादा काय बोलतात’ याकडे. ७ जूनपासून चार वाजेपर्यंत मुभा मिळाली. आकडा पाचखाली आला आणि १४ जूनपासून संध्याकाळी सातपर्यंत. नियम बोलला तसा वागला. जूनच्या त्या दोन आठवड्यांत मी कुणाच्याही तोंडून सरकारला शिवी ऐकली नाही. पुण्यात ही घटना नोंद करण्यासारखी आहे.

मग डेल्टा प्लस आला. राज्यात या नव्या प्रकाराचे २१ रुग्ण सापडले होते, त्यांतले सर्वाधिक रत्नागिरी आणि जळगावचे. २५ जूनला सरकारनं ठरवलं की आकडे काहीही असोत, राज्यातला कोणताही घटक तिसऱ्या स्तराच्या खाली येणार नाही. २८ जूनपासून पुन्हा चार. शनिवार-रविवार बंद.

सरकारची भीती खोटी नव्हती. दुसरी लाट फेब्रुवारीत अमरावतीकडून अशीच हळूच आली होती आणि तेव्हा उशीर केला म्हणून सगळ्यांनी त्यांनाच झोडपलं होतं. दुधानं तोंड भाजलेला माणूस ताकही फुंकून पितो. पण दुकानदाराच्या बाजूनं पाहिलं तर आठवडे तीन झाले नव्हते आणि हातात दिलेला मापक काढून घेतला गेला. आता आकडा पाचखाली गेला काय आणि दोनखाली गेला काय, चार म्हणजे चार. मामांनी सकाळचा आकडा पाहणं सोडून दिलं.

पुणं उठतं तेव्हा

चार ही वेळ पुण्याच्या मुळावरच येणारी होती. मुंबईकर ज्यावर वर्षानुवर्षं विनोद करतात ती एक ते चारची झोप खोटी नाही. मध्यवस्तीतली घरगुती दुकानं त्या वेळात खरोखर बंद असतात, कारण गिऱ्हाईकही घरी आडवं झालेलं असतं. सकाळी दहा ते एक येतात ते जाकिटाचं अस्तर, फॉलबिडिंग, पातळाचा परकर असल्या किरकोळ कामाला. खरी खरेदी संध्याकाळी पाचनंतर : ऑफिसातून सुटलेली बाई, तिची आई, मुलगी, क्वचित नवरा. शालू घ्यायला माणसं चौघं-पाच जण येतात आणि दोन तास बसतात. आदेशानं दुकान सकाळी सातला उघडायला दिलं होतं. सकाळी सातला साडी घ्यायला कोण येतं हो?

म्हणजे नऊ तास मुभा होती, पण त्यातले धंद्याचे तास जवळपास शून्य. मंत्रालयातून पाहिलं तर ‘नऊ तास दुकानं सुरू’, गल्ल्यावरून पाहिलं तर दुकान बंदच. हा फरक मला या सगळ्या प्रकरणातला कळीचा वाटतो. कुठला धंदा कधी चालतो हे विचारायला कुणी खाली उतरलंच नाही.

जुलैतला एक दिवस सांगतो. पावणेचार वाजले होते. बावधनहून आलेली मायलेकींची जोडी गादीवर बसली होती, समोर पंचवीस-तीस साड्या उलगडलेल्या. लग्न पुढच्या गुरुवारी, पंचवीस-पन्नास माणसांत. मुलीला एक मोरपंखी आवडली होती, आईला तिचा काठ पसंत नव्हता. तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी गाडीचा भोंगा वाजला : ‘वेळ संपत आलेली आहे, दुकानं बंद करा.’ मामांनी शटर अर्ध्यावर आणलं, बाहेर पोऱ्याला स्टुलावर बसवलं, आतला एक दिवा ठेवून बाकी मालवले. मोरपंखी रंग त्या उजेडात काळा दिसायला लागला. आई म्हणाली, ‘असा रंग कसा घ्यायचा, दादा?’ पोऱ्यानं शटरवर दोनदा टकटक केली, म्हणजे पथक आलं. आम्ही सहा माणसं अंधारात, मास्क लावून, श्वास धरून बसलो. पाच मिनिटांनी पाय वाजत पुढे गेले. बाई उठल्या. ‘चोरी केल्यासारखं वाटतंय, राहू दे,’ म्हणाल्या आणि शटरखालून वाकून निघून गेल्या.

मामा बराच वेळ साड्यांच्या घड्या घालत होते. पस्तीस वर्षांत या दुकानात गिऱ्हाईक वाकून बाहेर गेलं नव्हतं, एवढंच म्हणाले.

आणि संसर्गाचं म्हणाल, तर दार-खिडकी बंद, दिवा मालवलेला, सहा माणसं एका खोलीत : यापेक्षा वाईट व्यवस्था शोधून सापडली नसती. वेळ आखूड केली की गर्दी त्याच वेळात कोंबली जाते, हे संघटना पहिल्यापासून सांगत होत्या. त्यात स्वार्थ होता, पण म्हणून ते खोटं नव्हतं.

घंटा

जुलैअखेर पुणे शहरातलं बाधितांचं प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या आसपास आलं होतं. सगळ्यांना वाटत होतं की नव्या आदेशात सुटका होणार. २ ऑगस्टला, सोमवारी आदेश निघाला. २२ जिल्ह्यांत दुकानं रात्री ८ पर्यंत. ११ जिल्हे तिसऱ्या स्तरावर तसेच : कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, अहमदनगर, बीड, रायगड, पालघर आणि पुणे. मुंबई आणि ठाण्याचा निर्णय तिथल्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणांवर सोडला. मुंबई महापालिकेनं दुकानं रात्री १० पर्यंत खुली केली.

पुणे. पुणे शहर नव्हे, पुणे जिल्हा. जूनच्या आदेशानं शहराला वेगळा घटक मानलं होतं, ऑगस्टच्या यादीत ते जिल्ह्यात विरघळून गेलं. ग्रामीण भागातलं प्रमाण शहरापेक्षा जास्त होतं, त्याची शिक्षा लक्ष्मी रस्त्याला. मुंबईत दहा आणि पुण्यात चार, हे एका पुणेकरानं मुकाट्यानं सोसावं अशी अपेक्षा ज्यानं कुणी केली त्याला पुणं माहीत नाही.

३ ऑगस्टला व्यापाऱ्यांनी लक्ष्मी रस्त्यावर घंटानाद केला. थाळ्या, टाळ, देवघरातल्या घंटा, शाळेची एक पितळी तबकडीसुद्धा कुणीतरी आणली होती. आणि पुणे व्यापारी महासंघानं जाहीर केलं की ४ तारखेपासून दुकानं सातपर्यंत उघडी राहतील. राहिली. राजकारणही त्यात होतंच. महापालिका भाजपकडे, राज्य महाविकास आघाडीकडे. महापौर मुरलीधर मोहोळ यांनी शहरावर अन्याय झाल्याचं उघडपणे मांडलं. व्यापाऱ्यांच्या संतापावर पोळी भाजायला दोन्हीकडचे तवे तापलेले होते. पण मामांसारख्या माणसाला, ज्यांनी उभ्या आयुष्यात सिग्नल तोडला नाही, राजकारणाची फूस लागत नाही. ४ ऑगस्टला चार वाजता ते शटरजवळ गेले, शटर ओढायचा आकडा हातात तसाच धरून क्षणभर थांबले आणि परत येऊन गादीवर बसले. ‘काय होईल ते होईल,’ म्हणाले. त्या संध्याकाळी एक ब्लाऊजपीस आणि दोन परकर विकले गेले. भवानी झाली म्हणून त्यांनी नोट कपाळाला लावली, संध्याकाळी सव्वापाचला.

एक बारीक गोष्ट. हे सगळे निर्बंध दोन कायद्यांखाली निघत होते : २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आणि १८९७ चा साथरोग कायदा. दुसरा आला तो प्लेगच्या वेळी, आणि त्याच वर्षी २२ जूनला गणेशखिंड रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. घंटानादाच्या दिवशी एकानं भाषणात रँडचा उल्लेख केला आणि टाळ्या घेतल्या. मला ते आवडलं नाही. घरात शिरून बायकांच्या अंगाला हात लावणारे गोरे सोजीर कुठे आणि चार वाजता भोंगा वाजवत फिरणारं, स्वतःही दोन लाटांत मेटाकुटीला आलेलं पथक कुठे. त्यातल्या एकाला मामांनीच पाणी दिलं होतं.

८ ऑगस्टला, रविवारी, अजित पवारांनी जाहीर केलं : सोमवारपासून पुण्यात दुकानं रात्री ८ पर्यंत, हॉटेलं १० पर्यंत. प्रमाण सात टक्क्यांच्या वर गेलं तर पुन्हा बंद. म्हणजे पुन्हा एक आकडा हातात आला. मामांनी ती बातमी वाचली आणि पहिला प्रश्न विचारला : ‘आजची पॉझिटी किती?’ १५ ऑगस्टपासून राज्यभरच रात्री १० झाले.

आवाज केला म्हणून सहा दिवस आधी मिळालं की तसंही मिळणारच होतं, यावर बोळात दोन तट आहेत. मला वाटतं, शहराचा आकडा वेगळा धरला असता तर २ तारखेलाच मिळालं असतं आणि घंटा देवघरातच राहिल्या असत्या. जून महिना पाहिलेला माणूस एवढं म्हणू शकतो. नियमाचं कारण दिसत होतं तोवर माणसांनी ५६ दिवस उपास काढला. कारण दिसेनासं झालं तेव्हा तीन तासांसाठी भांडली.

तिसरा पाडवा

जानेवारी २०२२ च्या ओमायक्रॉनच्या लाटेत रात्रीची संचारबंदी आली, पण दुकानांना कुणी हात लावला नाही. ३१ मार्चला मंत्रिमंडळानं सगळे निर्बंध उठवले, २ एप्रिलपासून, म्हणजे पाडव्यापासून. त्या दिवशी मामांनी काचेवरचे कागद ओल्या फडक्यानं भिजवून काढले. चिकटपट्टीचे डाग राहिले ते राहिले. सकाळपासून गर्दी होती, बोळात चप्पल ठेवायला जागा नव्हती.

एक वाजला तसे मामा उठले, गल्ल्याला कुलूप लावलं आणि शटर ओढायला आकडा घेतला. बाहेर उभ्या असलेल्या एक बाई म्हणाल्या, ‘अहो, आज तरी उघडं ठेवा, पाडवा आहे.’

‘चारला या,’ मामा म्हणाले, आणि जेवायला गेले.